गोधडीत गेलेला पडदा

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी मी दुकानातून परतले, तेव्हा आई जमिनीवर बसून गोधडी शिवत होती. कापडाचं टोक पायाच्या अंगठ्याखाली ताणून धरलेलं. आतल्या सुती साड्या तिनं नातवासाठी पुण्याहूनच आणल्या होत्या. वरचं कापड मात्र माझ्या ओळखीचं निघालं.

मी काम करते त्या दुकानाच्या मालकीणबाईंचा तो पडदा होता. त्या जुनं हस्तकाम दुरुस्त करून विकतात. पडदा शंभराहून जास्त वर्षांचा, इंग्लंडहून आलेला, त्यावर हातानं भरलेली पानं आणि डाळिंबं. मी तो नीट करायला घरी आणला होता. डिपेंडंट व्हिसावर कित्येक वर्षं घरात काढल्यावर वर्क परमिट मिळालं होतं, आणि ही माझी इथली पहिली नोकरी. गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं.

"आई, हे काय करून ठेवलंस!"

"अगं, विरलेलं होतं, टेबलावर पडलेलं. विरलेल्या कापडाचं दुसरं काय करतात?"

मी तिच्यावर ओरडले. तिनं सुई खाली ठेवली. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून उसवायला लागलो. टाके इतके बारीक की कात्रीचं टोक आत शिरेना. मला तिच्या सुबक हाताचाच राग येत होता. एका कडेला तिनं माझं मनगट धरलं.

"इथलं नको काढूस. कापडच जाईल. ते आता माझ्या दोऱ्यावरच टिकलंय."

तिच्या टाक्यांची ती एक ओळ तशीच राहिली.

बुधवारी मालकीणबाई पडदा न्यायला घरी आल्या. दुकानात येईल त्याला त्या गहिवरून सांगतात, की यंत्रं आली तेव्हा इंग्लंडातल्या अशा कारागिरांनी हाताच्या कामाचा मान राखला, पण भरतकाम करणाऱ्या बायकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ते नेहमी पटायचं. आता त्या खिडकीपाशी पडद्यावरून बोट फिरवत होत्या. बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे कुणाचं काम?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

जुनीच दुरुस्ती आहे, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण आईला ते बोट कळलं. चहाचा ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, "मी. आय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "शुक्रवारच्या आत तिला हे उसवायला सांग. दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये."

नोकरी मला हवीच होती, अगदी त्या क्षणीही. तरी तोंडातून निघून गेलं, "उसवलं तर फाटेल. आणि सांगायचंच असेल तर तुम्ही सांगा. ती इथेच उभी आहे."

त्यांनी पडद्याची घडी केली आणि चहा न घेताच निघाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंचा मेसेज आला. पडदा आहे तसा विकला गेला होता, गिऱ्हाइकाला ती ओळ फार आवडली होती. मी मात्र सोमवारपासून यायची गरज नव्हती.

आईला मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवलं.