वत्सला हार्डवेअर कुठं आहे?

माझ्या दुकानाचं नाव वत्सला हार्डवेअर आहे, हे बोईसरजवळच्या आमच्या सरावलीत फक्त मला आणि पाटी रंगवणाऱ्याला माहीत होतं. मला वाटत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आलो, पुढे ती सोडून नळ, पाइप, खिळे, स्क्रूचं दुकान टाकलं आणि त्याच्यावरच घर बांधलं. गिऱ्हाइकाला नुसती वस्तू द्यायची नाही, सल्लाही द्यायचा, हे माझं तत्त्व. कोणी स्क्रू मागितला की मी विचारायचो, "कशाला पाहिजे?" मग भिंत विटांची की काँक्रीटची, तिच्यावर काय टांगणार, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं ओघानं यायचं. (भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारलंय का, हेही.) लोक भारावून गप्प होतात, असा माझा समज होता.

आमच्या मुलीनं, शलाकानं, पालघरला तिच्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. त्याचे आईवडील रविवारी आमच्याकडे यायचे ठरले. वडिलांनी फोनवर पत्ता विचारला, तेव्हा मी म्हणालो, पत्त्याची गरजच नाही, बोईसरला उतरा आणि कुठल्याही रिक्षावाल्याला वत्सला हार्डवेअर सांगा. माझी बायको सुनंदा म्हणाली, नीट खाणाखुणा सांगा. मी नुसता हसलो.

रविवारी पोहे तयार होऊन गार झाले, तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी मुलाच्या वडिलांचा फोन आला. स्टेशनबाहेरच्या एकाही रिक्षावाल्याला हे दुकान ठाऊक नव्हतं. मी एका रिक्षावाल्याकडे फोन द्यायला लावला आणि त्याला सांगितलं, पाण्याच्या टाकीसमोर, मेडिकलच्या शेजारी, निळं शटर. तो 'निळं शटर' असं स्वतःशीच पुटपुटला. मग खुशीत म्हणाला, "अच्छा, वो 'किसलिए चाहिए' वाला! पहले बोलना था ना."

तिकडचा फोन स्पीकरवर होता. मागून मुलाच्या आईचं खुदकन हसणं आलं, म्हणून कळलं.

मी काही बोलायच्या आत त्या भल्या माणसानं पाहुण्यांना सल्लाही देऊन टाकला. "चाचा, सामान लेना है तो उधर मत जाओ, पूरा दिन जाएगा. मैं दूसरी दुकान ले चलता हूँ." आणि फोन बंद.

'दुसरी दुकान' म्हणजे पुढच्या वळणावरचं हार्डवेअर. माझा प्रतिस्पर्धी! नवा झब्बा आणि घरातल्या स्लिपरा, अशा थाटात मी तिकडे पळत सुटलो. माझे होणारे व्याही तिथं पंख्याखाली बसून थंड पीत होते. आपल्याला सामान नकोय, हे त्यांनी रिक्षात सांगून पाहिलं होतं, पण इंजिनाच्या आवाजात ते पुढच्या सीटपर्यंत पोचलंच नाही. आता आलोच आहोत तर म्हणून त्यांनी गळक्या नळासाठी एक वायसर घेतला होता. आणि शेजारच्या स्टुलावर बसून त्यांना माझी माहिती देत होता कुंभवलीचा दामू प्लंबर, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याची माझ्याकडे पाठ होती.

"मानूस वाईट नाय," दामू सांगत होता. "पन स्क्रू मागितला तर भिंतीची जन्मतारीख इचारतो. आमी घाई नसली तरच जातो तिकडं."

"मग जाता तरी कशाला?" मुलाच्या आईनं विचारलं.

"त्यानं दिलेला माल कंदी चुकत नाय. परत जायला लागत नाय. परत जायला लागत नाय, म्हनून तर आमी एकदा सोसतो."

मी खाकरलो. दामूनं वळून पाहिलं, जरासुद्धा न लाजता स्टूल रिकामं करून दिलं, आणि प्रतिस्पर्ध्यानं माझ्यासाठीही एक थंड मागवलं. मी ते प्यायलो. दुसरं काय करणार?

घरी येताना सुनंदानं मला जिन्यातच गाठून बजावलं, आज एकही प्रश्न विचारायचा नाही. मी शब्द पाळला. पाहुण्यांना गाव विचारलं नाही, मुलाचा पगार विचारला नाही. इतका गप्प बसलो, की मुलाचे वडील काळजीत पडले. त्यांना वाटलं, मला स्थळ पसंत नाही. काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा, असं ते बिचारे स्वतःहून म्हणाले. शलाका त्यांच्या मागून मानेनं नको नको करत होती. पण तेवढ्यात माझी नजर त्यांच्या वायसरवर पडली.

पुढचा बराच वेळ मी आणि ते, नळ कुठल्या बनावटीचा, थेंब दांड्यातून येतो की तोंडातून, हेच बोलत होतो. तो वायसर त्यांच्या नळाला बसणारच नव्हता. मी खाली जाऊन बरोबर मापाचा आणून दिला. मुलाची आई सुनंदाला म्हणाली, "एवढी चौकशी करून वायसर देणारा माणूस मुलगी आम्हाला देतोय म्हणजे आम्ही बरेच असणार." लग्न ठरलं.

तरी दामूचं बोलणं मला लागलं होतं. सोमवारपासून मी तोंड मिटून घेतलं. मागेल ते द्यायचं, प्रश्न नाही. आणि काय सांगू, दुकानात रीघ लागली! कित्येक वर्षांत न दिसलेले चेहरे दिसायला लागले. दुपारी मी ऐटीत वर गेलो आणि सुनंदाला म्हणालो, गिऱ्हाईक म्हणजे काय ते मला आता कुठं कळलंय.

तिनं पोळी लाटता लाटता खिडकीकडे बोट केलं. खाली नाक्यावर दामू उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "शेटचा घसा बसलाय. बरा व्हायच्या आत काय घ्यायचं ते घेऊन टाका."