त्रुटी भाऊसाहेब आणि नावाड्याची किल्ली

लग्नाची पत्रिका हातात पडली की आमचे भाऊसाहेब आधी खिशातून लाल पेन काढत. तारीख आणि वार जुळतोय का, जेवणाची वेळ मुहूर्ताच्या आधीच तर पडत नाही ना, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांत कुणाचं नाव राहिलंय का, सगळं तपासायचं आणि कडेला बारीक अक्षरात शेरा मारायचा: 'दोन त्रुटी. कार्यास जाण्यास हरकत नाही.' आणि मग ते खरंच जात, आहेर घेऊन, वऱ्हाडाच्याही आधी. ऑफिसात सगळे त्यांना त्रुटी भाऊसाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्यात त्यांना काही चूक सापडली नव्हती.

मोखाड्यातलं आमचं ऑफिस नेमकं कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू व्हायला गेले त्या दिवशी या गृहस्थाने माझा रुजू अहवाल तीनदा परत केला. दोनदा मजकुरासाठी, तिसऱ्यांदा तारखेसाठी. "ताई, तारीख नसेल तर तुम्ही आज आलात की परवा, हे कागदाला कसं कळायचं?" मी समोर उभी होते हो! धडधडीत उभी! पण त्यांना कागदाची काळजी. जव्हारला घरी येऊन मी आईपुढे इतकी चिडचिड केली की तिनं पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

माणूस मात्र तोंडाचा गोड. सगळ्यांना 'तुम्ही'. शिपायाला तुम्ही, पोरासोरांना तुम्ही, व्हरांड्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्यालासुद्धा, "जरा बाजूला होता का?" कुत्रंही उठून बाजूला व्हायचं. आम्ही हाड् हाड् करून दमायचो, तेव्हा त्याला ऐकू येत नसे.

चहाचं त्यांचं एक कोडं होतं. पित्त होतं म्हणून आठवडाभर चहाला शिवायचे नाहीत, पण बाजाराच्या दिवशी अकरा वाजले की, "ताई, मी चहा घेऊन येतो." निघताना सांगून जायचे, "सोमीबाई येतील. कागद वर आहे म्हणून सांगा." बरोब्बर पाच मिनिटांनी सोमीबाई येत. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची म्हातारी. काटक, डोक्यावर पाटी, करवंदांच्या दिवसांत त्यातली मूठभर माझ्या टेबलावर ठेवणार. पाड्याला विहीर मिळावी म्हणून तिनं बऱ्याच वर्षांपूर्वी अर्ज केला होता. भाऊसाहेब सगळ्यांना तुम्ही म्हणत, तशी ती सगळ्यांना तू म्हणायची, साहेबांनासुद्धा. आमच्याकडे पाड्यावरची जुनी माणसं अशीच बोलतात, त्यात अपमान नसतो. "पोरी, आमचा कागद कुठवर गेला?" मी म्हणायची, "वर आहे, आजी." ती वर बघायची. पंखा दिसायचा. "बरं," म्हणायची आणि उन्हातून परत जायची. मी तीन वर्षं हे वाक्य म्हटलं. खरंच वर असेल असं धरून चालले होते.

आता मालिकेचं. त्या प्रकरणात गुन्हेगार मीच. जव्हारहून आम्ही दोघं रोज एकाच बसने जायचो. भाऊसाहेब खिडकीपाशी बसून तिकिटावरचा मजकूर तपासायचे. ते बघवेना, म्हणून मी त्यांच्या मोबाईलमध्ये एक मालिका उतरवून दिली. परदेशी, हिंदीत डब केलेली. नाव सांगत नाही, उगाच आणखी चार लोक बघतील. एका राज्याचा सूर्य कुणीतरी डोंगराच्या पोटात कोंडून ठेवलेला. त्यासाठी भांडणाऱ्या तीन राण्या, एक बोलणारा लांडगा आणि एक आंधळा नावाडी. या नावाड्याच्या गळ्यात पहिल्या भागापासून किल्ली. कुलूप कुठं आहे ते त्याला माहीत नाही. बर्फातून, आगीतून विचारत हिंडतो बिचारा.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळतील. कुठलं काय! जव्हारच्या स्टँडवर भाग सुरू झाला की मोखाडा येईपर्यंत मान वर नाही. कानात काही घालणं त्यांना जमत नसे, त्यामुळे आवाज मोठा. हळूहळू मागच्या सीटवरचे दोन गुरुजी, एक नर्सबाई आणि कंडक्टर असे सगळे गोळा झाले. घाटात वळणावर आडवे होत आम्ही ती राज्यं बघितली. भाऊसाहेबांनी तर वहीच घातली: 'प्रलंबित बाबी'. लांडग्याला शाप कुणी दिला, प्रलंबित. धाकट्या राणीचं मूल कुठं गेलं, प्रलंबित. किल्लीचं कुलूप, प्रलंबित. कुणी म्हणालं की हे काही पटत नाही, तर ते वही मिटून म्हणायचे, "थांबा हो. इतकी मोठी फाईल आहे, शेवटी सगळं जुळवून देतील."

शेवटचा भाग आम्ही थंडीत बघितला. काय सांगू! सगळा पसारा पाऊण तासात गुंडाळला. लांडगा कड्यावरून घसरून मेला. घसरून! दोन राण्या एका वाक्यात गेल्या. आणि नावाडी अखेर डोंगरापाशी पोचतो, समोर कुलूप आहे, आम्ही सगळे श्वास धरून, नर्सबाईंनी तर माझा दंड धरलेला, आणि तो गळ्यातली किल्ली काढून पाण्यात फेकतो. म्हणतो, "अब मुझे इसमें कोई रुचि नहीं." सूर्य आपोआप उगवतो. समाप्त.

नर्सबाईंनी माझा दंड सोडला. मग कंडक्टर म्हणाला, "झालं? एवढंच?" आणि आमचे भाऊसाहेब, कुत्र्याला अहो-जाहो करणारे भाऊसाहेब, कडाडले, "चोर आहेत हे लोक! इतकी वर्षं तो किल्ली घेऊन फिरला आणि आज त्याला रस नाही? असं असतं का माणसाचं?" ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. त्याला वाटलं, कुणाचं पाकीट मारलं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यांनी मला संगणकापुढे बसवलं. मालिकेच्या कंपनीला त्रुटीपत्र! "विषय: मालिकेच्या शेवटाचा फेरविचार होणेबाबत. लिहा." हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं. एकेक त्रुटी ते वहीतून सांगत होते, मी टंकत होते. अकरावी आली. "नावाडी. सदर इसम पहिल्या भागापासून किल्लीसह वारंवार उपस्थित असताना, त्यास स्वारस्य नसल्याचे दर्शवून प्रकरण घाईने..."

इथं ते थांबले. मला वाटलं शब्द अडला. मी म्हटलं, "घाईने दप्तरी दाखल केले?" त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. "उरलेलं उद्या," म्हणाले आणि आत अभिलेख खोलीत गेले. तासाभराने बाहेर आले ते धुळीनं माखलेली एक फाईल घेऊन. माझ्यापुढे ठेवली. "शेवटचं पान वाचा."

सोमीबाईंच्या विहिरीची फाईल होती ती. शेवटच्या पानावर भाऊसाहेबांचंच मोत्यासारखं अक्षर: 'अर्जदारास सदर कामी स्वारस्य नसल्याचे दिसते. सबब प्रकरण दप्तरी दाखल.' म्हणजे फाईल बंद. खाली तारीख. तारीख मात्र होती, अगदी ठळक.

मला राग आला. खरं सांगते, इतका आला की वयाचा मुलाहिजा राहिला नाही. "भाऊसाहेब, ती बाई दर बाजाराला येते!"

"म्हणून तर मी दर बाजाराला चहाला जातो," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. विहिरीची जागा दोन भावांची होती. थोरल्यानं संमती दिलेली, धाकटा भिवंडीकडे कामाला, त्याचा अंगठा राहिलेला. तेव्हाच्या साहेबांना मार्चच्या आत प्रलंबित प्रकरणांची यादी कोरी करून हवी होती. "शिमग्याला धाकटा येणार होता, ताई. शिमग्याला कुणी बाहेर राहतं का आपल्याकडे? आठ दिवस थांबलो असतो तर अंगठा मिळाला असता. नाही थांबलो. काहीतरी कारण लिहायचं होतं, ते लिहिलं." आणि मग हळूच, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी."

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. फाईल परत कपाटात गेली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी तीच फाईल उघडली आणि स्वतःच्याच शेऱ्याखाली लाल पेनाने लिहिलं: 'वरील शेरा वस्तुस्थितीस धरून नाही. तो मी लिहिला आहे. प्रकरण पुन्हा सुरू करण्यास मान्यता मिळावी.' साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान टवकारून. साहेब म्हणाले, "कशाला ओढवून घेताय? चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतील." भाऊसाहेब म्हणाले, "अडकू देत साहेब. शेवट चुकलाय तो." साहेबांनी फाईल एक दिवस ठेवून घेतली. तो दिवस मला खायला उठला होता. दुसऱ्या दिवशी सही होऊन आली, आणि चौकशीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी जाऊन सगळ्यांना भजी सांगितली.

पण अवघड काम पुढेच होतं. बाजाराच्या दिवशी अकरा वाजले आणि भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. सोमीबाई आल्या, भाऊसाहेबांना बघून दारातच थबकल्या. भाऊसाहेब उठले, स्वतःची खुर्ची दिली. ती बसेना, मग तेही उभेच राहिले. उभ्यानंच त्यांनी तिला सांगितलं, कागद वर गेलाच नव्हता, मी बंद केला, तुम्हाला गरज नाही असं लिहून बंद केला.

म्हातारीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "गरज नाय? मग इतके दिस येत होती ती कोण रे?"

 भाऊसाहेबांनी हात जोडले.  माझ्याकडे तिनं बघितलंच नाही, त्याचंच मला जास्त लागलं. मग तिनं पाटी उचलली. दारापर्यंत गेली, वळली. "आता काय करशील?"

"येतो. तुमच्याबरोबर येतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि खरंच पाड्याकडे जाणाऱ्या जीपने तिच्याबरोबर गेले.

त्या शिमग्याला ते पाड्यावर होते. धाकटा भाऊ होळीला आला, तसा हातात शाईचा पॅड घेऊन हा माणूस त्याच्यापुढे उभा! तो म्हणे दचकून पळायला निघाला होता, त्याला वाटलं पोलीस आले. अंगठा मिळाला. मग त्या जागी जमिनीत पाणी आहे का याची तपासणी झाली, एकेक कागद जोडला गेला आणि फाईल या वेळी खरोखर वर गेली. एप्रिलअखेर भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या पत्रिकेत त्यांनी एक त्रुटी काढलीच. जाताना मला कपाटाची चावी दिली आणि म्हणाले, "शेवट तुम्ही लिहा, ताई. घाई करू नका." मालिकेच्या पत्राचं काय करायचं विचारलं, तर हसले. "राहू द्या. त्यांचं ते बघतील." ते पत्र अकराव्या त्रुटीपाशी तसंच माझ्या खणात पडलेलं आहे.

मग ते मुलीकडे नाशिकला गेले. बसमधली त्यांची खिडकी आता नर्सबाईंनी धरली आहे, मोबाईलवर त्या भजनं ऐकतात. मीही मालिका बघायचं सोडलं. मात्र कुणाच्या अर्जावर शेवटचा शेरा मारायची वेळ आली की आपोआप दाराकडे बघते, कुणी येऊन उभं आहे का ते.

मंजुरी आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात खोदकाम झालं. पहिले कित्येक दिवस नुसता कोरडा मुरूम. माझा जीव टांगणीला. रोज नाशिकहून फोन, "लागलं का?" आणि एका दुपारी खाली दगड ओला झाला. मी तिथंच होते. बायका ओरडल्या, कुणी नाचलं, मी तर सरकारी नोकर असल्याचं विसरून चिखलातच बसले. हुश्श! इतकं मोकळं मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटलं नव्हतं.

ऑफिसात येऊन मी फाईलवर शेवटचं वाक्य लिहिलं आणि भाऊसाहेबांना फोन लावला. वाचून दाखवलं: 'पाड्यावरील विहिरीस पाणी लागले. काम पूर्ण. सबब प्रकरण दप्तरी दाखल.'

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "एक त्रुटी आहे."

"तारीख टाकलीय, भाऊसाहेब!"

"तारीख नाही हो. अर्जदार हजर होत्या का?"

"म्हणजे काय! सगळ्यांच्या पुढे, कळशी घेऊन उभ्या होत्या."

"मग ते लिहा ना," भाऊसाहेब म्हणाले.

मी पेन उघडलं आणि लिहिलं: 'अर्जदार स्वतः हजर.'