तळहातावर थांबलेलं मीठ

एक्स-रे माझ्या मुलीचा होता, पण डॉक्टरांनी पँट मला वर करायला लावली.

माझ्या दोन्ही गुडघ्यांखाली लहानपणापासून टणक गाठी आहेत. कबड्डीचा मार, असं मी सगळ्यांना जरा रुबाबातच सांगत आलो होतो. मग डॉक्टर माझ्या वडिलांकडे वळले. बाबांनी आपणहून पायजमा वर केला, त्यांच्याही गुडघ्यांखाली तशाच गाठी. "मिठागरान टोपल्या वाहून आल्यान या."

डॉक्टर हसले. "दोघांनी कारणं छान शोधलीत. पण हिने काय वाहिलं? ही तर दुसरीत आहे."

मल्टिपल एक्झोस्टोसिस, म्हणजे हाडांवर हाडाच्याच गाठी येणं. आनुवंशिक. मुलीच्या, म्हणजे दीपाच्या, एका गाठीने कोपराखालच्या दोन हाडांमधली जागा अडवली होती, त्यामुळे तिचा उजवा तळहात पुरता वर वळत नव्हता. देवळात चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला की निम्मा खाली सांडायचा. आम्ही तिला धांदरट म्हणायचो. आता गाठ वाढत राहिली तर हात वाकडा होईल आणि आहे तेवढंही वळणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांनी एवढंच विचारलं, "म्हंजे ही माजीच देनगी हाय?"

"देणगी आहे, चूक नाही," डॉक्टर म्हणाले.

हे का होतं, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपल्या पेशी प्रोटीओग्लायकन नावाची वस्तू बनवतात. प्रथिनाचा एक कणा आणि त्याला लागलेल्या साखरेच्या लांब साखळ्या. ही चहातली साखर नव्हे, त्यामुळे गोड खाणं सोडून काही फायदा नाही. पेशी आधी कण्यावर ठरलेल्या जागी एक साखर बसवते, तिच्यावर आणखी तीन, आणि मग दोन प्रकारच्या साखरा आळीपाळीने जोडत जाते. हाडाला किती आणि कुठे वाढायचं याचे निरोप या साखळ्या धरून ठेवतात, असं आता शास्त्रज्ञांना वाटतंय, ते म्हणाले. आमच्यात साखळी लांबवणारं जनुक अधू आहे. साखळ्या अपुऱ्या पडतात, निरोप भरकटतो आणि हाड भलतीकडे वाढतं. हे जोडकाम त्या जनुकाचं आहे, हा शोधही तेव्हा अगदी ताजा होता.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत प्लास्टिकच्या रिअॅक्टरवर ऑपरेटर. लहान रेणू जोडून लांब साखळी करायची, हेच माझं पोट. त्यासाठी आम्हाला प्रेशर लागतं, वाफ लागते, तीन शिफ्टची माणसं लागतात, आणि तरी बॅच बिघडते ती बिघडतेच. पेशी हेच काम अंगाच्या उबेवर करते, कुठली साखर कुठे ते न चुकता, आणि आपण झोपलेलो असताना. मी आजारासाठी गेलो होतो, पण खरं सांगतो, त्या कागदाकडे पाहून हात जोडावेसे वाटले. आमच्या अंगातलं यंत्र थोडं अधू असूनही बाबांनी जन्मभर मीठ वाहिलं, याचंही मला तेव्हाच पहिल्यांदा नवल वाटलं.

वाशीला ऑपरेशन झालं. बाबा बाकावरून उठले नाहीत, चहालाही नाही. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. पण हात किती वळेल याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. प्लॅस्टर निघाल्यावर रोज तळहात वर करून त्यावर काहीतरी ठेवायचं, असा व्यायाम सांगितला.

तुमच्या घरात अशा गाठी असतील तर कारणं शोधत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मोठेपणी गाठ दुखू लागली किंवा वाढू लागली तर लगेच.

व्यायामाचं खातं बाबांकडे होतं. घणसोली गावातल्या आमच्या ओटीवर ते नातीच्या हातावर खडे मीठ ठेवायचे. सुरुवातीला सगळं घरंगळायचं. बाबा एकेक खडा वेचून पुन्हा ठेवायचे. माझी बायको कुरकुरायची, "मीठ हातावर देऊ नये बाबा, भांडणं होतात."

एका सकाळी दीपा हात पसरून बसली. बाबांनी चिमूटभर खडे ठेवले आणि आपला हात काढून घेतला. आम्ही सगळे बघत राहिलो.

"होऊ दे भांडन," बाबा म्हणाले. "येक खडा पडला नाय."