पंचनदरावांची चूक

पंचनदराव गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली आणि पाच मिनिटांत तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यांच्या टेबलाजवळून जाताना नाक मुरडणाऱ्यांचेच ते हात. आमच्या साहेबांनी तर लिहिलं, ‘कुटुंबातला माणूस गेला.’ कसलं डोंबलाचं कुटुंब! दीड महिना झाला, तरी ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं.

चेन्नईजवळ अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बनतात. कॉइलमधून वीज गेली की तिचं चुंबक होतं, व्हॉल्व्ह उघडतो, डिझेल सुटतं. मी पुण्याहून पदवी घेऊन आलेला. या व्हॉल्व्हचं मॉडेल संगणकावर रचायचं माझं काम. पंचनदराव तंजावरकडचे मराठी, टेस्ट बेंचवर व्हॉल्व्ह तपासण्यात आयुष्य काढलेले. व्हॉल्व्ह उघडून आत काय बघायचं ते त्यांनीच मला शिकवलं. तमिळ हेल काढत म्हणायचे, “अय्यो, तुमचा संगणक एसीत बसतो. व्हॉल्व्ह इंजिनावर बसतो!”

थंड डिझेलवर माझे आकडे रावांच्या चाचणीशी छान जुळले. मग रावांनी डिझेल तापवून चाचणी घेतली, तर व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागला. कॉइल तापली की तारेचा रोध वाढतो, करंट हळू चढतो. शाळेतलं पोरही सांगेल. मी मात्र मॉडेलमध्ये कॉइल कायम थंड धरली होती. तीही चेन्नईत बसून! पण साहेबांना ग्राहकापुढे गुळगुळीत आलेख मिरवायचा होता. “गरम आकडे काढून टाक,” म्हणाले. मी काढले, आणि अहवालात कारण लिहिलं : मोजणाऱ्याची चूक. मोजणारा एकच होता.

राव भांडले नाहीत. भांडले असते तर आज मला जरा बरं वाटलं असतं. चष्मा पुसत एवढंच म्हणाले, “तुम्ही शिकलेले. माझंच कुठं तरी चुकलं असणार...” त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. पुढे उन्हाळ्यात आमचे व्हॉल्व्ह बसवलेले ट्रक चढावर धापा टाकू लागले, तक्रारी आल्या, तेव्हा साहेबांनी मला मॉडेलमध्ये तापमान घालायला लावलं. नवे आकडे रावांच्या आकड्यांवर नेमके बसले. साहेबांनी ‘टीमचं यश’ म्हणून केक कापला, आणि मी निर्लज्जासारखा खाल्ला. रावांना फोन करायचं मनात आलं होतं... पण जुना अहवाल निघाला असता, त्यावरची माझी सही निघाली असती, आणि बढती तोंडावर होती. लाळघोटेपणाला मी तेव्हा व्यवहार म्हणायचो.

तेरावा झाल्यावर तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेलो. रावांच्या पत्नीनं, काकूंनी, मला मागच्या खोलीत नेलं. तिथं शेगडीवर पातेलं, पातेल्यात तेल, तेलात बुडवलेली कॉइल आणि शेजारी मीटर. बाजूला वह्यांची चळत.

“रोज दुपारी तापवून मोजत बसायचे,” काकू म्हणाल्या. “चूक सापडत नाही म्हणून जेवण गोड लागायचं नाही त्यांना. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा मोजलं. तुम्ही एवढे इंजिनिअर... सांगा ना, काय चुकत होतं त्यांचं?”

“काहीच नाही, काकू. चूक माझी होती.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“तीन वर्षं झाली.”

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, “आमचा फोन चालू होता.”