इवायाच्या वाट्या

गोंदिया वेगळा झाला आणि आमचा भंडारा जिल्हा अर्धा उरला. त्या अर्ध्या जिल्ह्यात सडक्या लाकडापुढे पालथा पडणारा माणूस एकच, आणि तो माझ्याच नशिबी इवाई म्हणून आला. इवाई म्हणजे माझ्या लेकीचा सासरा, आणि माझी बायको त्याची इहीनबाई. इवाई घरी आला की आम्ही खाटेवर चादर टाकतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. हे महाराज पाणी ओलांडून सरळ मागच्या अंगणात सरपणाच्या राशीकडे जातात आणि चिखलात पोटावर झोपतात. नोकरी वायरमनची झाली, आता रिटायर. "जिंदगीभर खांबावर वर पाहून राहिलो, आता थोडं खाली पायतो," म्हणतात. घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून पाहतात काय, तर ओल्या काडीवर उगवलेल्या बुरशीच्या वाट्या! एवढ्या बारीक की मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे भोपळा. माझी शाळा चौथीत सुटली, पण रानातल्या सात्या, म्हणजे पावसाळ्यात उगवणारी अळंबी, मी ओळखतो, कारण सात्यांची भाजी होते. मी विचारलं, "ह्या खातेत का?" "नाही." "मंग कायले पायता?" "नाव सापडत नाही म्हणून."

नाव अजूनही सापडलेलं नाही. वहीत नुसतं पिवळी, जास्त पिवळी, मिशावाली लाल. एकदा नमुना तंबाखूच्या डबीत ठेवला आणि सवयीने मळून तोंडात टाकला. दोन दिवस मरणाची वाट पाहिली, मग वहीत लिहिलं, 'चव नाही.'

ती सरपणाची रास माझ्या बुढीने, म्हणजे बायकोने, रचलेली, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातली. घरात गॅस आला तशी सून मागे लागली, "मामाजी, साप निघतीन, पोळ्याच्या आधी जाळून टाका ना." का जाळत नाही ते मला सांगता येईना. मी नुसता खेकसायचो. इवाई चिखलातूनच म्हणाले, "पोरी, हात नोको लावू. माहं निरीक्षण चालू हाय." इवायाचा शब्द कोण मोडणार?

मागच्या वर्षी तर ओरडलेच, "या, या! नवीन सापडली! पांढरी!" भिंतीकडच्या मोहाच्या काडीवर पांढरे ठिपके. दोन दिवस मुक्काम, चार पानं चित्रं. शेवटी मी भिंगातून पाहिलं. "इवाई, चुना हाय हा. बुढीनं त्याच साली दिवाळीले भिंत पोतली, तवाचे शिंतोडे."

मला वाटलं, आता खजील होतील. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि चित्राखाली लिहिलं, 'पांढरी. इहीनबाईच्या हातची.' वही माझ्यापुढे धरली. मी हसलो, आणि मग बराच वेळ नाक शिंकरत बसलो.

वाट्या आपलं काम करतातच. रास दरसाल वीतभर खचते. औंदा इवायांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून ते आता इवायासारखे खाटेवर बसतात आणि चिखलात मी.

"काय दिसते?"

"पिवळी."

"केवढी?"

"तिळाएवढी."

चाचपत, मोठ्या अक्षरात लिहून घेतात. सगळं झालं की आवाज उतरवून विचारतात, "अन् पांढरी?"

ती काडी मी उचलत नाही, हातात भुसा होईल. नुसता वाकून पाहतो.

"हाय," म्हणतो. "लिवा."