तुंगारेश्वराच्या ओढ्यावर आम्ही ओहोटीची वाट पाहिली

मी बोलते, नात रुची टाइप करते. आवडलं तर माझं, चुकलं तर तिचं.

श्रावणी सोमवारी तुंगारेश्वराला जायचं आमच्या ह्यांनी ठरवलं. "तू ऱ्हा घरी, तुला चढ जमायचा नाय," म्हणाले. बस, तेवढंच पुरलं. त्यांचा सदरा सापडेपर्यंत मी साडी नेसून दारात.

रुचीलाही बरोबर घेतलं. आमच्या सांडोर गावाहून रिक्षा केली, गोखिवरं मागे टाकलं, हायवे ओलांडून पायथ्याशी उतरलो. रिक्षावाल्याला थांबवून ठेवा, परतीला दुसरी मिळत नाही. पायात पट्ट्याचे सँडल घाला. उपवासाला आमच्याकडची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी न्या. देवळाच्या वाटेवर ओढा आडवा येतो. जाताना पाणी घोट्याएवढं, काचेसारखं.

दर्शन झालं. परतताना मी नि रुची ओढ्याच्या अलीकडे आलो, हे मागेच राहिले. पलीकडे भज्यांची टपरी होती. सोमवारचा कडक उपवास त्यांचा!

डोक्यावर लख्ख ऊन. आणि एकदम वरून पाण्याची घरघर आली. बघता बघता ओढा चहाच्या रंगाचा झाला, पालापाचोळा घेऊन धावायला लागला. हे पलीकडच्या काठावर, तोंड पुसत, पँट दुमडत!

"अहो, पाय टाकू नका!"

"एवढंसं पानी! जन्म खाडीत गेला माझा!"

रुची ओरडली, "आजोबा, वर डोंगरावर पाऊस कोसळलाय! ते सगळं इथंच येतं!"

"खुळी का काय? ऊन पडलंय!"

तेवढ्यात अख्खी फांदी त्यांच्या पुढ्यातून गेली. तरी एक पाय पाण्यात. आमच्या खाडीकाठच्या वाडीत पाणी भरलं की ओहोटीला उतरतं. मी बोटांवर तिथी मोजून ओहोटीची वेळ काढली नि ओरडले, "बसा खाली! आता ओहोटी लागंल!"

हे पटलं त्यांना. पाय मागे घेऊन दगडावर बसले.

रुचीने कपाळावर हात मारला. "आजी, डोंगराला ओहोटी नसते."

मला खरंच ठाऊक नव्हतं. मग तिने समजावलं: डोंगर म्हणजे नरसाळं. चहूकडचा उतार ह्याच एका ओढ्यात रिकामा होतो. खाली खडक, वर माती आधीच भिजून टच्च. मुरायला जागा नाही, म्हणून पाणी सगळं एकदम धावतं. वरचा पाऊस थांबला की उतरतंही भराभर.

तसंच झालं. पुन्हा घोट्याएवढं झाल्यावर टपरीवरच्या दोघातिघांनी हात धरून ह्यांना आणलं. आल्या आल्या मला म्हणाले, "ओहोटी बरोबर काढलीस हां!" लग्नानंतरचं पहिलं कौतुक.

तुम्ही जाल तर आपल्या डोक्यावरचं ऊन बघून फसू नका, वरचा डोंगर बघा. पाणी गढूळ झालं की आहात तिथेच थांबा.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. हे आल्यागेल्याला माझ्या ओहोटीची गोष्ट सांगतात. रुची म्हणते, "आजी, आजोबांना खरं सांग ना."

सांगेन की. आधी त्यांनी भज्यांचं कबूल करावं.