धुळ्याच्या पाहुण्यांना हवा होता रक्ताचा रिपोर्ट

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही चोपड्याला राहत होतो. माझ्या आईला स्किझोफ्रेनिया होता. तिला भिंतीतून आवाज ऐकू यायचे आणि ती त्यांच्याशी कडाकडा भांडायची. जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी भांडण थांबलं, आवाज मात्र पुरते गेले नाहीत. मला सांगून आलेल्या धुळ्याच्या स्थळाला हे कुणीतरी कळवलंच! लगेच मुलाच्या काकांचा निरोप आला: वेड रक्तात असतं, मुलीचं रक्त तपासून रिपोर्ट तयार ठेवा.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "रक्तात हा आजार दिसत नाही. किती वाढला, किती उतरला, तेही नाही. मला ते तुमच्या आईशी बोलूनच कळतं." तरी माझ्या वडिलांचं, आबांचं, आपलं एकच, "एक सुई टोचून घ्यायला तुझं काय जातं? आणि पाहुणे येतील तेव्हा आईला मागच्या खोलीत ठेवू. बाहेरून कडी लावू."

कडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने मला वाढवलं तिला कोंडून मी नवरी व्हायचं? गेलं खड्ड्यात असलं लग्न!

मी रक्त दिलं नाही. पाहुणे आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पोहे करत होती. काकांनी रिपोर्ट मागितला. मी कपाटातला एक कागद काढून दिला. त्यांनी वरचं नावही पाहिलं नाही, सरळ आकड्यांवर बोट फिरवलं.

"वा, सगळं नॉर्मल! आमची काही हरकत नाही."

"तो माझ्या आईचा आहे," मी म्हणाले. "दुसरं काही दुखणं तर नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी मागे तपासून घेतलं होतं. तिला अजून आवाज ऐकू येतात. सांगा ना, कुठल्या ओळीत लिहिलेत?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आबांनी मान खाली घातली. मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि शेजारी बसवलं.

"बोलणी करायची तर हिच्यासमोर करा. नसेल जमत, तर या."

ते चहाही न घेता उठले. मला रडू येत होतं, पण त्यांच्या देखत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

जीप गेल्यावर आईने माझा हात धरला. "मन्हामुळे ग्यात का बाई?"

"तुझ्यामुळे नाही गेले," मी म्हणाले. "मी घालवलं त्यांना."